पुढाकार कुणाचा

आमच्या गावातल्या बँकेत खिडकीमागे बसलेली मुलगी तुमचा अर्ज नाकारते तेव्हासुद्धा आधी खुर्चीतून उठते, तुमच्या डोळ्यांत बघते, नीट हात मिळवते आणि मगच नाकारते. माणूस बाहेर पडतो तो जवळजवळ खूश होऊनच. ही सगळी शेलिगाबाईंची कृपा. टपाल कचेरी, दवाखान्याची खिडकी, पुलापलीकडची लाकडाची वखार, सान नदीकाठच्या या गावात जिथे म्हणून टेबल आहे तिथे टेबलामागे बाईंचा एखादा तरी विद्यार्थी बसलेला असतोच.

मी त्या शाळेच्या कचेरीत आहे. नाव ओतिलिया. दाखले, हजेऱ्या, टेलिफोन आणि सगळ्यांच्या कुचाळक्या माझ्याकडे. आमची शाळा धंदेशिक्षणाची. मुलं इथून निघाली की कुणी हॉटेलात लागतं, कुणी हिशेबनीस होतं, कुणी सरळ जर्मनीची बस पकडतं. पण त्याआधी शेवटचं वर्षभर त्यांना शेलिगाबाईंच्या हाताखालून जावं लागायचं. विषय एकच, कामाच्या ठिकाणी कसं वागावं. त्यांचा वर्ग माझ्या कचेरीला लागून आणि मधली भिंत नावालाच, त्यामुळे फी न भरता मीही तो विषय तीसेक वेळा शिकले. उपयोग काही झाला नाही, असं बाई म्हणत.

"मुलाखतीच्या खोलीत एक खुर्ची दिसेल," भिंतीपलीकडून आवाज यायचा. "ती तुमची नाही. 'बसा' म्हटल्यावर तुमची."

"कोट खुर्चीच्या पाठीला टांगायचा नाही, पियोत्र. तू तिथे राहायला आलेला नाहीस."

"उंबरठ्यावरून हात मिळवायचा नाही. भांडण होतं म्हणून नाही, ते तुमच्या आजीला सांगू दे. दारात लटकणारा माणूस कुणालाच नको असतो म्हणून. एकतर आत या, नाहीतर बाहेर राहा."

पोरं हसायची, नकला करायची आणि पाच वर्षांनी चांगल्या कोटात शाळेत येऊन बाईंना फुलं देऊन जायची. विषम संख्येने, अर्थात. सम संख्येची फुलं आमच्याकडे फक्त थडग्यावर जातात.

शेलिगाबाई चर्चमागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. लग्न केलं नाही. का, ते मला माहीत नाही, आणि मला माहीत नाही म्हणजे गावात कुणालाच माहीत नाही. करडा स्कर्ट, गळ्याशी एक छोटी पिन, बुटांना रोज पॉलिश. त्यांची धाकटी बहीण क्राकूवमध्ये होती, ती दर रविवारी फोन करायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली. बाई अंत्यविधी उरकून दुसऱ्याच दिवशी कामावर हजर. माझ्या टेबलाशी उभ्या राहून पेन्सिलीला टोक काढत होत्या. काढता काढता म्हणाल्या, "ओतिलियाबाई, आता मला मिल्का म्हणणारं कुणी उरलं नाही."

एवढंच. पेन्सिल उचलली आणि वर्गात गेल्या. मी मात्र त्या दिवशी एकही दाखला नीट लिहू शकले नाही.

त्यांचं नाव बोगुमिला. घरी मिल्का. पण शाळेत, दुकानात, जिन्यात, सगळीकडे त्या शेलिगाबाईच. यात लोकांचा दोष नव्हता. आमच्याकडे अहो-जाहोवरून अगं-तुगंवर यायचं तर त्याची रीत आहे. एकाने हात पुढे करायचा आणि नुसतं आपलं नाव सांगायचं. दुसऱ्याने हात घ्यायचा आणि आपलं सांगायचं. झालं, त्या क्षणापासून दोघं एकमेकांना नावाने हाक मारायला मोकळे. पण हात कुणी पुढे करायचा, तर मोठ्याने. लहानाने केला तर तो आगाऊपणा. शेलिगाबाई आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्या होत्या आणि त्यांनी आजवर कुणापुढेही तो हात केला नव्हता. आता मी म्हणजे अशी, की भाजीवालीशी दुसऱ्या दिवशी अगं-तुगं आणि तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याची उणीदुणी. पण बाईंसमोर माझीही जीभ 'अहो'च्या पुढे सरकली नाही.

राहता राहिले कुबालासर.

झेनॉन कुबाला भूगोल शिकवायचे, आणि बरीच वर्षं आमचे उपमुख्याध्यापक होते. विधुर. एकुलती मुलगी डागमारा लग्न होऊन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, श्चेचिनला. सर बाईंपेक्षा चार वर्षांनी लहान. दर गुरुवारी मधल्या सुट्टीत ते माझ्या कचेरीत यायचे, बाईही यायच्या, आणि मी काचेच्या पेल्यांत लिंबू घालून तीन चहा करायचे.

"शेलिगाबाई, आज बर्फ पडेल असं वाटतं."

"पडू द्या, कुबालासर."

उन्हाळ्यात बर्फाच्या जागी पाऊस. बाकी संभाषण हेच, वीस वर्षं. पण सर आले नाहीत तर बाईंचा चहा तसाच उरायचा, आणि बाई रजेवर असल्या तर सर खिडकीशी उभे राहून माझ्याशी उगाचच मेक्सिकोच्या आखाताबद्दल बोलायचे. आंधळ्यालाही दिसलं असतं. मला कितीदा वाटायचं, या दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावी.

मग एका वर्षी जूनमध्ये कुबालासर निवृत्त झाले; बाई वयाने मोठ्या असूनही मुदतवाढीवर राहिल्या. तरी गुरुवारी येत राहिले. फक्त कधीकधी बुधवारी येऊन गुरुवार समजायचे. आम्ही हसण्यावारी नेलं.

सप्टेंबरमध्ये नवे मुख्याध्यापक आले. हायदुक. वय अडतीस, पायांत पांढरे बूट, भाषणात 'कुटुंब' हा शब्द दर वाक्याला. शिक्षकांच्या पहिल्याच बैठकीत त्यांनी दोन्ही हात पसरले.

"आजपासून इथे अहो-जाहो बंद! मी बोरिस. तुम्ही सगळे आपापल्या नावाने. बाहेरच्या कंपन्यांत आता असंच चालतं, मुलांना तेच शिकवायला हवं. काय, बोगुमिला? पटतंय ना?"

बाई उठून उभ्या राहिल्या.

"सर, तुमचा हुद्दा मोठा. म्हणजे पुढाकार तुमचाच, ते नियमात बसतं," त्या म्हणाल्या. "पण पुढाकार म्हणजे विचारणं. तुम्ही विचारलं नाहीत."

हायदुक हसले. वाईट माणूस नाही तो, घाई आहे इतकंच. "बरं, विचारतो. चालेल?"

"आभारी आहे," बाई म्हणाल्या. "इतक्यात नको."

आणि बसल्या. अण्णा, हिशेब शिकवणारी, माझ्या कानात कुजबुजली, "म्हातारीनं पोराला खुर्चीतच बसवलं की गं!" मीही खुदखुदले. पण नंतर कोट घ्यायला गेले तर बाई कोटांच्या रांगेत एका कोपऱ्यात उभ्या, चेहरा भिंतीकडे.

"ओतिलियाबाई," त्या न वळताच म्हणाल्या, "इतक्या दिवसांनी माझं नाव कुणीतरी घेतलं. आणि ते असं. घाऊक."

मला फार वाईट वाटलं. काही बोलायला हवं होतं, पण अहो-जाहोत असल्या वेळी बोलायला शब्दच नसतात.

नोव्हेंबरच्या शेवटी एक सूचना घेऊन मी त्यांच्या वर्गात गेले. फळ्यावर उदाहरण होतं, गणितासारखं मांडलेलं. शाळेतली एक शिक्षिका, वयाने मोठी. उपमुख्याध्यापक, पुरुष, चार वर्षांनी लहान. नावाने हाक मारण्याचा पुढाकार कुणाचा?

हे उदाहरण त्या दर वर्षी घालत असणार. भिंतीआडून मी कधी नीट कान दिला नव्हता.

किंगा नावाची एक चुणचुणीत पोरगी पहिल्या बाकावर होती. "सोपंय बाई. बाईमाणूस, त्यातून मोठी. तिनेच हात पुढे करायचा."

"चूक. ते घरी, रस्त्यावर, लग्नात. तिथे स्त्री आणि वय. कामाच्या ठिकाणी आधी हुद्दा. पुढाकार उपमुख्याध्यापकाचा."

"आणि त्याला हे माहीतच नसेल तर?"

"शिकलेला माणूस आहे तो."

"पण नुसता भूगोलच शिकलेला असेल तर?"

वर्गात हशा फुटला. मागच्या बाकावर कुणीतरी बाक बडवला. बाईंचे कान लाल झाले, पण त्यांनी आवाज चढवला नाही, हसू आपोआप ओसरेपर्यंत खडू हातात धरून थांबल्या. किंगालाही आपण जास्त बोललो असं वाटलं असावं. ती हळू म्हणाली, "बाई, आणि दोघांनीही हात पुढे केला नाही तर?"

"तर दोघं मरतात," बाई म्हणाल्या. "अगदी शिष्टपणे."

पोरं पुन्हा हसली. मी सूचना टेबलावर ठेवली आणि कचेरीत परत येऊन खुर्चीत बसले. म्हणजे बाई इतकी वर्षं थांबल्या होत्या! दर गुरुवारी, लिंबाच्या चहासमोर, सरांच्या हाताकडे बघत.

पुढच्या गुरुवारी बाईंचा तास लांबला आणि कुबालासर एकटेच आले. चहात साखरेऐवजी मीठ घालून ढवळायला लागले, मी पेला काढून घेतला आणि तोंडाला येईल ते बोलून टाकलं.

"सर, तुम्ही बाईंना नावाने का हाक मारत नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या घराची किल्ली मागितली आहे. "मी? कसा मारीन? त्या मोठ्या आहेत, बाईमाणूस आहेत. माझी आई सांगायची, बाईमाणसाने हात पुढे करेपर्यंत आपला हात खिशात."

"अहो, पण तुम्ही उपमुख्याध्यापक होता! कामाच्या ठिकाणी आधी हुद्दा. बाई दर वर्षी पोरांना शिकवतात, सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मी त्यांच्या वर्गात कधी बसलो नाही हो. आणि कसला हुद्दा? मी तर नुसती वेळापत्रकं लावायचो." मग त्यांचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे त्या... वाट बघत होत्या?"

मी मान हलवली.

"मला वाटायचं, मी त्यांना त्या लायकीचा वाटत नाही," सर म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसतच राहिले. रडत होते ते, उगाच का लपवू.

"मग आता करा ना हात पुढे! त्या आत्ता येतीलच."

"आता कसा करू? आता हुद्दा गेला, ओतिलियाबाई. आता मी रस्त्यावरचा माणूस. आता पाळी त्यांची."

त्यांना खरंच धरून आपटावंसं वाटलं. पण मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. महिन्याभरात दोनदा गॅस चालू राहिला होता. शेजारणीने डागमाराला कळवलं. ती एकवीस डिसेंबरला येऊन त्यांना श्चेचिनला घेऊन जाणार होती, कायमचं. "बाईंना तुम्ही काही सांगू नका," सर म्हणाले. "दुसऱ्याने सांगून घेतलेला पुढाकार, पुढाकार नसतो."

माझ्यासारखीला कुणी असं बजावू नये. दोन दिवस कसेबसे तोंड शिवून काढले. मग एका दुपारी शाळा सुटल्यावर भिंतीपलीकडून आवाज आला.

"बोगुमिला."

मग बुटांचा आवाज. परत, "बोगुमिला."

मी जाऊन दाराच्या फटीतून बघितलं. चार वाजायचे होते पण बाहेर अंधारून आलं होतं. बाईंनी दिवाही लावला नव्हता. मुलाखतीच्या सरावाची ती एक खुर्ची मध्ये ठेवली होती, रिकामी. बाई फळ्यापासून तिच्यापर्यंत चालत यायच्या, हात पुढे करायच्या, नाव सांगायच्या. मग मान हलवायच्या आणि परत फळ्याशी जायच्या. मुलांकडून घटवून घेतात, तसं.

"आत या नाहीतर बाहेर राहा, ओतिलियाबाई."

मी आत गेले. "बाई, जूनपासून पाळी तुमची आहे."

"मला माहीत आहे. नियम मीच शिकवते."

"मग?"

"मी पोरांना काय सांगते? नाव सांगताना शेवटी आवाज खाली उतरला पाहिजे. वर चढला की तो प्रश्न होतो." त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. "माझा वर चढतो. किती वेळा केलं तरी. हे नाव माझ्या कानावर पडत नाही, तोंडातून निघत नाही. म्हणायला गेलं की दुसऱ्याच कुणाचं वाटतं." मग म्हणाल्या, "आणि ते 'इतक्यात नको' म्हणाले तर? मी त्या हायदुकला म्हटलं होतं. तो अडतीस वर्षांचा आहे, त्याला चालतं. मी घरी जाऊन ते कुणाला सांगू?"

तेव्हा मी डागमाराचं सांगितलं. एकवीस डिसेंबर.

बाई खुर्चीत बसल्या. 'बसा' म्हणायला तिथे कुणी नव्हतं.

आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक नावाला एक दिवस नेमलेला असतो, आणि वीस डिसेंबर हा बोगुमिलांचा दिवस. आमच्याकडे वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस मोठा, आणि ज्याचा दिवस त्याने सगळ्यांना खाऊ घालायचं. दर वर्षी बाई खसखशीचा लांबोडा केक घेऊन यायच्या. आम्ही ओळीने जाऊन म्हणायचो, "नावाच्या दिवसाच्या शुभेच्छा, शेलिगाबाई." नावाच्या दिवशीसुद्धा नाव नाही! सगळ्यांत पहिले कुबालासर यायचे, कार्नेशनची पाच फुलं घेऊन.

त्या दिवशी बाईंनी करड्या स्कर्टावर निळा ब्लाऊज घातला होता. केक कापला. सगळे आले. हायदुक आले, या खेपेला दोन पावलं लांब थांबून "शेलिगाबाई" म्हणाले, बाईंनी त्यांना मोठा तुकडा दिला. सर आले नाहीत. बाई प्रत्येकाशी बोलत होत्या, पण दार उघडलं की त्यांची सुरी थांबायची.

अकराच्या सुमाराला मी न राहवून सरांच्या घरी फोन लावला. डागमाराने उचलला. ती एक दिवस आधीच आली होती. संध्याकाळी मोठं बर्फ सांगितलंय, म्हणाली, आम्ही आत्ताच निघतोय, गाडी भरली आहे.

मी फोन ठेवला. "बाई, कोट."

त्यांनी सुरी खाली ठेवून कोट चढवला. मी उरलेला केक कागदात गुंडाळला, आणि आम्ही दोघी पूल ओलांडून निघालो. पुलावर वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. बाई माझ्या पुढे चालत होत्या, त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने, आणि त्यांचे ओठ हलत होते.

सरांच्या दारात खोकी रचलेली. दार सरांनीच उघडलं. अंगात कोट, डोक्यावर टोपी, पण पायात घरातल्या सपाता. बाईंना बघून ते असे गोंधळले की त्यांनी आईने शिकवलेलं सगळं एका झटक्यात मोडलं. लहान असून, पुरुष असून, आधी आपलाच हात पुढे केला. तोही उंबरठ्यावरून.

बाईंनी त्या हाताकडे बघितलं. घेतला नाही. बाईंनी एक पाऊल आत टाकलं, मग दुसरं. मग सावकाश हातमोजा काढला.

"बोगुमिला," त्या म्हणाल्या.

आवाज खाली उतरला होता.

सरांनी टोपी काढली. "झेनॉन," ते म्हणाले, आणि खाली वाकून त्यांनी बाईंच्या हाताचं चुंबन घेतलं.

"घरी मला मिल्का म्हणायचे," बाई घाईघाईने म्हणाल्या, कुणी मध्येच थांबवील अशा भीतीने.

"मिल्का," सर म्हणाले. मग परत म्हणाले. जणू भूगोलातलं एखादं गाव, जे नकाशावर रोज दाखवलं आणि आज तिथे जाऊन पोचलो.

आतून डागमारा खोकं घेऊन आली. "बाबा, बूट! किती वेळ! या कोण?"

"डागमारा," सर म्हणाले, आणि त्यांची छाती फुगली होती हे मी शपथेवर सांगते, "ही मिल्का."

मग त्यांना काहीतरी आठवलं. ते सपाता फटफटवत स्वयंपाकघरात गेले आणि मोरीत पाण्यात ठेवलेली कार्नेशन घेऊन आले. आणली होती त्यांनी. फक्त कुणासाठी आणली ते सकाळपासून विसरले होते. बाईंनी ती घेतली. चार होती. जन्मभर कधी न चुकलेल्या माणसाने चार आणली होती. मी बघितलं, बाईंनी बघितलं, डागमाराने बघितलं आणि ओठ चावला. बाईंनी त्यातलं एक फूल अलगद काढून तिच्या हातात दिलं. "तुला प्रवासाला," त्या म्हणाल्या. राहिली तीन. सरांना काही कळलंही नाही.

गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही उभ्या होतो. सगळं मिळून पंधरा मिनिटं झाली असतील.

परत येताना पुलाच्या मध्यावर बाई थांबल्या. केक अजून माझ्याच हातात होता, गडबडीत द्यायचा राहून गेला. बाई माझ्याकडे वळल्या. हातमोजा त्यांनी परत घातलाच नव्हता.

"तुम्ही माझ्यापेक्षा लहान आहात," त्या म्हणाल्या, "तेव्हा पुढाकार माझाच." आणि त्यांनी हात पुढे केला. "बोगुमिला. मिल्का."

मी, सगळ्या गावाला अरे-तुरे करणारी, बिशपच्या ड्रायव्हरला दोन मिनिटांत 'ए' म्हणणारी, मला शब्द फुटेना. हात घेतला. थंडगार होता. केक सांभाळत, नाक वाहत असताना मी कसंबसं म्हटलं, "ओतिलिया." जसं काही तिला ते माहीतच नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये मिल्का निवृत्त झाली. तिच्या जागी शहरातून एक जण येतो, पडद्यावर चित्रं दाखवतो, पोरं त्याला नावाने हाक मारतात आणि कोट खुर्चीला टांगतात. मी रविवारी दुपारी तिच्याकडे जेवायला जाते. कोंबडीचं सूप, शेवया, मग चहा. तीन जिने चढताना मी दम खात शिव्या देते आणि ती वरून म्हणते, "जिन्यात ओरडू नये, ओतिलिया."

बरोबर एक वाजता श्चेचिनहून फोन यायचा. ती दोनदा वाजू द्यायची, लगेच उचलणं बरं दिसत नाही म्हणून. रिसीव्हरमधून मलाही ऐकू यायचं, सर मोठ्याने बोलत. "मिल्का! इकडे समुद्राचा वारा सुटलाय!" आणि तिचा चेहरा असा व्हायचा की मी सुपात बघत बसायचे. हिवाळा गेला, वसंत गेला, उन्हाळाही गेला. बोलणं हवेचंच, पण नाव घालून.

मग सरांचा विसर वाढला. डागमारा म्हणाली, नवं आहे ते आधी जातंय, जुनं राहतंय. नातवाचं नाव गेलं. श्चेचिनचं गेलं, ते अजून इथेच पुलापलीकडे राहतात असं त्यांना वाटतं.

गेल्या रविवारी फोन वाजला. मिल्काने दोनदा वाजू दिला आणि उचलला.

"शेलिगाबाई," सर म्हणाले, स्पष्ट, आदराने, "आज बर्फ पडेल असं वाटतं."

मी चमचा खाली ठेवला. मिल्काने चूक दाखवली नाही. समोरच्याने आपल्याला काय म्हणावं हे त्याला सुधारून सांगायचं नसतं, हे ती तीस वर्षं शिकवत आली होती.

"पडू द्या, कुबालासर," ती म्हणाली.

त्यानंतर ते बराच वेळ बोलत होते, बहुधा मेक्सिकोच्या आखाताबद्दल. तिने 'हो सर', 'खरं आहे सर' म्हटलं आणि फोन ठेवला. पण हात रिसीव्हरवरून काढला नाही. पाठ माझ्याकडे होती.

"मिल्का," मी म्हटलं, "सूप निवतंय."

ती वळली नाही.

"परत म्हण," ती म्हणाली.

मी परत म्हटलं.